पाय, चिखल आणि वेदना : पायांच्या आरोग्याचा एक इतिहास



आजचा विषय संयोजकांना कळवला तेव्हा त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. "पाय? म्हणजे पायांची काळजी? इतिहासाच्या व्याख्यानात?" मी म्हटलं, हो. राजे, लढाया, तह यांवर आपण पुष्कळ बोलतो. पण त्या लढायांना माणसं चालत गेली, आणि त्यांतली किती माणसं शत्रूमुळे नव्हे तर स्वतःच्या पायांमुळे बाद झाली, हे आपण फारसं विचारत नाही. तेव्हा आज आपण जमिनीपासून, म्हणजे अगदी तळव्यापासून सुरुवात करू.

हा विषय माझ्याकडे घरातून आला. माझ्या एका आत्याला मधुमेह होता. चैत्रातल्या जत्रेत ती दुपारी अनवाणी देवळाच्या फरसबंदीवर रांगेत उभी राहिली. संध्याकाळी घरी आल्यावर नातीनं तिचे पाय धुवायला घेतले आणि ती ओरडली, "आजी, तुझ्या तळव्याला केवढा फोड आलाय!" आत्याला पत्ताच नव्हता. दुखत नाही म्हणून बारा दिवस हळद आणि तेल लावून घरीच बसली. शेवटी दवाखान्यात नेलं तेव्हा आधी दोन बोटं गेली, मग चवड्यापर्यंतचा पाय गेला. मी भेटायला गेलो तेव्हा ती अगदी साधेपणानं म्हणाली, "अरे, दुखलं असतं तर आले असते की लगेच."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. दुखलं असतं तर. आपण आयुष्यभर दुखू नये म्हणून धडपडतो, आणि ही बाई दुखलं नाही म्हणून पाय घालवून बसली होती. आजच्या व्याख्यानाचा धागा तोच आहे.

जुन्या ग्रंथांतले पाय

आपल्याकडे पायांच्या तक्रारींना किती शब्द आहेत बघा. टाचेला भेगा पडतात, त्याला काही भागांत जळवात म्हणतात. तळव्याला कुरूप होतं, कुणी त्याला भोवरी म्हणतं. घट्टे पडतात. नखुरडं होतं. आणि पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत होतात त्या चिखल्या. ज्या भाषेत एवढे शब्द आहेत, ती भाषा बोलणारी माणसं पायांनी काम करणारी होती, हे वेगळं सांगायला नको.

आता सुश्रुतसंहिता उघडा. निदानस्थानात 'क्षुद्ररोग' नावाचा अध्याय आहे. क्षुद्र म्हणजे किरकोळ. त्यात या तक्रारी एकामागून एक येतात. 'पाददारी' म्हणजे फार चालणाऱ्याच्या रूक्ष पायांना पडणाऱ्या भेगा. 'कदर' म्हणजे खड्यानं किंवा काट्यानं इजा झाल्यावर तयार होणारी, बोराएवढी कठीण गाठ. हे आपलं कुरूप. आणि 'अलस' म्हणजे घाण चिखलाचा संपर्क आल्यामुळे बोटांच्या मध्ये ओल धरणं, खाज, आग आणि वेदना. ही चिखल्यांची तंतोतंत नोंद आहे, आणि कारणही तेच सांगितलंय, चिखल. भातलावणीच्या दिवसांत कोकणातल्या कुठल्याही बाईला विचारा, ती हेच सांगेल. तिची आजी त्यावर मेंदीचा पाला वाटून लावत असे. भेगांसाठी कोकमतेल होतं, गोव्यात त्याला भिरंडेल म्हणतात, ते कोमट करून टाचेत भरायचं.

कदरावर सुश्रुतानं उपाय सांगितलाय तो असा, की ते कापून काढावं आणि ती जागा तापलेल्या तेलानं डागावी. कृपा करून हा प्रयोग घरी करू नका. पण त्यातून एक गोष्ट कळते. क्षुद्र म्हटलेल्या रोगालाही त्या काळचा शल्यवैद्य हातात शस्त्र घेऊन गंभीरपणे सामोरा जात होता.

चरकसंहितेत दिनचर्येच्या भागात पादाभ्यंग आहे, म्हणजे पायांना तेल चोळणं. आपल्याकडे काशाच्या वाटीनं तळवे घासायची पद्धत आहे, ती याच परंपरेतली. त्याचे फायदे सांगताना चरक म्हणतो की पायांचा खरखरीतपणा, ताठरपणा, रूक्षता, थकवा आणि 'सुप्ती' दूर होते. सुप्ती म्हणजे पाय झोपणं, बधिरता. हा शब्द लक्षात ठेवा. लगेच पुढे पादत्राणं घालण्याचे गुणही सांगितले आहेत. आणि दुसऱ्या ठिकाणी, प्रमेहाची पूर्वरूपं सांगताना, म्हणजे रोग पूर्ण प्रकट होण्याआधीच्या खुणा सांगताना, हातापायांची बधिरता आणि आग यांचा उल्लेख येतो. प्रमेहाच्या वीस प्रकारांपैकी मधुमेह हा एक. म्हणजे साखरेचा आजार आणि बधिर पाय यांचं नातं आपल्या पूर्वजांच्या नजरेस आलं होतं.

मग प्रश्न असा, की हे इतकं जुनं ज्ञान असताना माझ्या आत्याचा पाय का गेला? याचं उत्तर शोधायला आपल्याला दोन ठिकाणी जावं लागेल. एक फ्रान्समध्ये आणि एक तमिळनाडूमध्ये.

खंदकातला हिवाळा

१९१४ सालच्या सप्टेंबरअखेर हिंदी सैन्य मार्सेय बंदरात उतरलं. लाहोर आणि मीरत अशा दोन डिव्हिजन होत्या. त्यांच्याबरोबर आपल्या पुण्याजवळच्या खडकीचे सॅपर्स अँड मायनर्सही होते. ऑक्टोबरच्या २८ तारखेला नव्ह शापेल या गावावर झालेल्या हल्ल्यात त्यांच्या २० आणि २१ क्रमांकाच्या तुकड्या ४७ व्या शीख पलटणीबरोबर पुढे गेल्या आणि त्यांचं फार मोठं नुकसान झालं. ही गोष्ट लष्करी इतिहासात आहे. पण मला सांगायचंय ते त्यानंतर आलेल्या हिवाळ्याबद्दल.

उत्तर फ्रान्स आणि फ्लँडर्सचा तो भाग सखल. थोडं खणलं की पाणी लागतं. त्यात पाऊस. सैनिक घोट्यापर्यंत, कधी गुडघ्यापर्यंत थंडगार चिखलात दिवसच्या दिवस उभे. पायात घट्ट बूट, पोटऱ्यांवर आवळून गुंडाळलेल्या पट्ट्या. बसायला जागा नाही, हालचाल करायची सोय नाही. काही दिवसांत पाय आधी बधिर होत, मग पांढरे-निळे पडत, सुजत. बूट काढला तर परत घालता येत नसे. पुढे फोड, जखमा, आणि वाईट वेळ आली तर गँगरीन.

सुरुवातीला डॉक्टरांनी याला हिमदंश म्हटलं. पण गंमत अशी, की बऱ्याच वेळा तापमान गोठणबिंदूच्या वर होतं. म्हणजे बर्फ नाही, तरी पाय सडतात. असं का? कारण ओल, गारवा, घट्ट बांधलेला पाय आणि हालचालीचा अभाव या चार गोष्टी एकत्र आल्या की पायांतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्त पोचत नाही. या दुखण्याला नाव पडलं 'ट्रेंच फूट', म्हणजे खंदक-पाय. त्या पहिल्या हिवाळ्यात ब्रिटिश सैन्यातल्या सुमारे २०,००० जणांना यानं गाठलं, असा आकडा सांगितला जातो. एवढी माणसं गोळी न लागता बाद.

हे काही नवं नव्हतं. नेपोलियनचा शल्यचिकित्सक लॅरे यानं १८१२ च्या रशियाच्या मोहिमेत थंडीनं गेलेले पाय पाहिले होते आणि त्याबद्दल लिहून ठेवलं होतं. पण शंभर वर्षांत ते विसरलं गेलं.

आता उपाय काय निघाला? इथे मला तुमचं लक्ष हवंय. औषध निघालं नाही. निघाली ती शिस्त. कोरडे मोजे रोज खंदकात पोचवायचे. बूट काढायचे, पाय पुसायचे, चोळायचे, व्हेलच्या चरबीचं तेल लावायचं, मोजे बदलायचे. एकट्यानं माणूस आळस करतो, म्हणून जोड्या लावल्या. तू माझे पाय बघायचे, मी तुझे. अधिकाऱ्यानं पायांची तपासणी करायची, आणि एखाद्या तुकडीत ट्रेंच फूटचे रुग्ण वाढले तर जाब त्या अधिकाऱ्याला. खंदकात लाकडी फळ्यांच्या जाळ्या टाकल्या, तुकड्यांची पाळी लवकर बदलायला सुरुवात केली. पुढच्या वर्षांत प्रमाण बरंच खाली आलं.

पाय ही आता शिपायाची खाजगी बाब राहिली नाही, ती तुकडीची जबाबदारी झाली. आणि दुसरं, पाय रोज बघणं, दुखो वा न दुखो, हा नियम झाला. कारण बधिर झालेला पाय सांगत नाही. तो बघावाच लागतो.

यालाही विसर पडतोच. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश सैनिकांचे पाय ओल्या दलदलीत पुन्हा तसेच गेले. तेव्हा ज्ञान एकदा मिळालं की कायमचं मिळालं, असं पायांच्या बाबतीत तरी होत नाही.

वेल्लोर : वेदनेचा शोध

आता तमिळनाडू. १९१४ सालीच, म्हणजे खंदक खणले जात होते त्याच वर्षी, तिथल्या कोल्ली डोंगरात एका मिशनरी घरात एक मुलगा जन्मला. पॉल ब्रँड त्याचं नाव. शिक्षणासाठी इंग्लंडला गेला, शल्यविशारद झाला आणि १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात परत आला.

त्या काळात कुष्ठरोगाबद्दल समज काय होती? आपल्याकडे शब्दच महारोग. १८७३ मध्ये नॉर्वेच्या हान्सेननं त्याचा जंतू शोधला होता. १९४० च्या दशकात सल्फोन गटाची औषधं आली. पण बोटं झडतात, पाय सडतात, हे या रोगाचं कामच आहे, मांसच नासकं झालंय, अशी डॉक्टरांचीही समजूत होती. शस्त्रक्रिया करून उपयोग नाही, जखमा भरणारच नाहीत, असं म्हणत.

महाराष्ट्रात या लोकांसाठी काम सुरू झालं होतं. मुंबईत माटुंगा-वडाळ्याला ॲकवर्थ कुष्ठालय १८९० पासून होतं. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी १९३६ मध्ये काम उभं केलं. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन १९४६ चं. बाबा आमट्यांची महारोगी सेवा समिती १९४९ ची, त्यातून पुढे आनंदवन. माणूस म्हणून जवळ करण्याचं मोठं काम या मंडळींनी केलं. पण पायाला जखम का होते, हा प्रश्न तेव्हा सुटायचा होता.

ब्रँड चिंगलपुटच्या कुष्ठरुग्णालयात गेला. तिथे डॉ. कॉक्रेन होते, या रोगाचे जाणकार. रुग्णांचे वाकडे झालेले हात बघून ब्रँडनं विचारलं, की यावर अस्थिशल्यतज्ज्ञांनी काय अभ्यास केलाय? उत्तर आलं, कुणीच केलेला नाही. मग त्यानं एका रुग्णाला हात मिळवायला सांगितलं. त्या माणसानं असा काही हात दाबला की ब्रँडच कळवळला. म्हणजे स्नायूंत ताकद आहे. मांस नासलेलं नाही. मग बिघडलंय काय?

पुढे एकदा गंजलेलं कुलूप उघडत नव्हतं. एका पोरानं पुढे होऊन चावी फिरवली आणि कुलूप उघडलं. ब्रँडनं बघितलं, तर पोराच्या बोटातून रक्त येत होतं. चावीनं मांस कापलं होतं आणि त्याला कळलंसुद्धा नव्हतं. रुग्णांची बोटं रात्रीतून नाहीशी का होतात, याचा शोध घेतला तेव्हा समजलं की झोपेत उंदीर कुरतडत होते. जाग येत नव्हती, कारण दुखत नव्हतं. त्यावर उपाय केला तो अगदी घरगुती. रुग्णांना मांजरं दिली.

तेव्हा कुठे चित्र स्पष्ट झालं. कुष्ठरोग बोटं खात नाही. तो नसा मारतो, आणि दुखणं बंद होतं. पुढचं सगळं नुकसान रोजच्या जगण्यानं होतं. गरम भांडं उचलणं, खिळा टोचणं, चपलेचा पट्टा घासणं.

पायांच्या बाबतीत तर आणखी बारीक गोष्ट सापडली. मोठी इजा व्हायला लागतेच असं नाही. नुसतं चालणं पुरेसं आहे. तुम्ही-आम्ही लांब पल्ला चाललो की काय करतो? टाच हुळहुळली की भार चवड्यावर घेतो, चवडा दुखला की बाहेरच्या कडेवर. आपल्या नकळत, मैलामागून मैल, आपण चाल बदलत असतो. आषाढीच्या वारीत चालणाऱ्यांचे पाय जरा निरखून बघा, सकाळची चाल आणि संध्याकाळची चाल सारखी नसते. बधिर पायाचा माणूस मात्र पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत त्याच जागेवर तोच भार टाकतो. हजारो वेळा. ती जागा आधी गरम होते, मग आत सूज, मग आतूनच जखम. वर दिसतो तो फक्त एक घट्टा. आणि घट्ट्याखाली पोकळ.

म्हणून उपचारही तसाच निघाला. पायाला बेतशीर प्लास्टर घालायचं, सगळ्या तळव्याला सारखं टेकेल असं, म्हणजे एका बिंदूवरचा भार सगळीकडे वाटला जातो. श्रीलंकेत डॉ. मिलरॉय पॉल यांनी ही वाट आधी चोखाळली होती. भार काढला की वर्षानुवर्षं न भरलेल्या जखमा काही आठवड्यांत भरायला लागल्या. नासकं मांस म्हणतात तेच मांस व्यवस्थित भरून येत होतं!

पण प्लास्टर काढल्यावर काय? माणूस पुन्हा चालणारच. मग आली चप्पल. वेल्लोरला आणि नंतर १९५५ पासून जवळच्या करिगिरीच्या संस्थेत मऊ मायक्रोसेल्युलर रबराच्या चपलांवर काम झालं. आत मऊ रबर, खाली टणक तळ, मागे पट्टा. मागचा पट्टा कशासाठी? कारण बधिर पायातून साधी चप्पल कधी निसटून गेली ते कळत नाही आणि माणूस एका पायात चप्पल घालून घरी येतो. खिळे अजिबात वापरायचे नाहीत, सगळं चिकटवून. एक खिळा वर आला तर पाय गेला. ज्यांचे पाय फार बिघडलेत त्यांच्यासाठी तळ होडीसारखा, म्हणजे पाऊल न वाकता पुढे झुलतं.

आणि इथे एक अडचण उभी राहिली ती वैद्यकीय नव्हती. ही चप्पल वेगळी दिसायची. बाजारात, एसटीत लोक चपलेवरून ओळखायचे आणि सरकून बसायचे. मग पाय वाचवणारी चप्पल घालायची की माणसांत बसायचं? पुष्कळांनी चप्पल टाकून दिली. त्यांना अडाणी म्हणणं सोपं आहे. पुढे पादत्राणं बनवणाऱ्यांना कळलं की चप्पल पायाला जशी बसली पाहिजे, तशी गावातही खपली पाहिजे. म्हणून ती चारचौघांच्या चपलेसारखी दिसेल असे प्रयत्न सुरू झाले.

मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशिर अंतिया यांनीही कुष्ठरुग्णांवर पुनर्रचनेच्या शस्त्रक्रिया केल्या आणि या रुग्णांना सर्वसाधारण रुग्णालयात जागा मिळाली पाहिजे हा आग्रह धरला. हे सगळं एकाच दिशेनं जात होतं. रोग नसांचा आहे, माणसाचा नाही.

कुष्ठरोगाकडून मधुमेहाकडे

१९६६ मध्ये ब्रँड अमेरिकेत लुइझियाना राज्यातल्या कारव्हिल इथल्या कुष्ठरुग्णालयात गेले. तिथे त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या लक्षात आलं की मधुमेही माणसाच्या तळव्याची जखम आणि कुष्ठरुग्णाच्या तळव्याची जखम यांत विलक्षण साम्य आहे. तोवर डॉक्टर मधुमेहातल्या जखमेचा दोष मुख्यतः साखरेला आणि रक्तवाहिन्यांना देत. ते कारण खोटं नाही. पण नसा बधिर होणं हे कारण मोठं होतं, आणि त्यावरचे उपाय वेल्लोरला तयार होते. प्लास्टर, मऊ पादत्राण, रोज पाय बघणं. भारतातल्या, समाजानं गावाबाहेर काढलेल्या माणसांच्या पायांवर जे शिकायला मिळालं, ते पुढे जगभरच्या मधुमेही माणसांच्या कामी आलं. हे ऋण फारसं बोललं जात नाही, म्हणून मी मुद्दाम सांगतो.

याआधी बॉस्टनच्या डॉ. जॉस्लिन यांनी १९३४ मध्ये मधुमेही गँगरीनवर लेख लिहून बजावलं होतं, की हे नशिबाचं दान नाही, हे टाळता येतं. १९२२ पासून इन्सुलिन मिळू लागलं, मधुमेही माणसं जास्त जगू लागली, आणि जास्त जगल्यामुळे पाय बिघडायला वेळ मिळाला. वैद्यकाच्या यशातून नवा प्रश्न जन्मला.

बधिरता मोजायची कशी? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फॉन फ्रे नावाचा जर्मन शास्त्रज्ञ घोड्याच्या केसांनी त्वचेची संवेदना मोजत असे. पुढे सेम्स आणि वाइनस्टाइन यांनी मेंदूला इजा झालेल्यांच्या अभ्यासासाठी नायलॉनचे धागे वापरले. कारव्हिलला त्यांतलाच एक धागा पायासाठी निवडला गेला, जो १० ग्रॅम जोर लागला की वाकतो. डोळे मिटायचे, धागा तळव्याला टेकवायचा, कळलं तर हो म्हणायचं. हा धागा कळत नसेल तर पायाचं संरक्षण गेलं असं समजतात. अक्षरशः दोन-तीन मिनिटांचं काम आहे.

आपल्या नागपूरचे डॉ. शरद पेंडसे यांनी 'स्टेप बाय स्टेप' या उपक्रमात डॉक्टर आणि परिचारिका यांना जोडीनं पायांची तपासणी शिकवण्याचं काम केलं. टांझानियातही त्याच धर्तीवर काम झालं. जोडी, पुन्हा बघा. खंदकातली जोडी आठवली का?

आता आपल्या घरात

इतिहास सांगून झाला. आता मी आत्याकडे परत येतो. चरकाला सुप्ती माहीत होती. खंदकातल्या अधिकाऱ्याला रोज बघण्याची शिस्त माहीत होती. वेल्लोरला भार वाटायचं कळलं होतं. आत्यापर्यंत यातलं काही पोचलं नाही, कारण तिच्या साखरेच्या तपासणीत कुणी तिला कधी चप्पल काढायला सांगितलीच नव्हती. तिचे पाय पहिल्यांदा नीट पाहिले ते आठ वर्षांच्या नातीनं.

मलाही सहा वर्षांपासून मधुमेह आहे. त्यामुळे खाली जे सांगतो ते मी स्वतः करतो.

रोज रात्री पाय बघायचे. तळवा दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवायचा, किंवा घरातल्या कुणाला बघायला सांगायचं. यात लाज कसली? पाय कोमट पाण्यानं धुवायचे, पाण्याचा गरमपणा पायानं नव्हे, कोपरानं बघायचा. बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसायच्या, नाहीतर चिखल्या ठरलेल्याच. तेल किंवा मलम तळव्याला आणि टाचेला लावायचं, बेचक्यांत नाही. नखं सरळ कापायची, कोपरे खोल कोरायचे नाहीत. कुरूप ब्लेडनं कापायचं नाही, औषधाच्या दुकानातली कुरुपाची पट्टीही नाही, तिच्यातलं आम्ल चांगली कातडीही खातं.

घरातसुद्धा चप्पल. चप्पल-बूट घालण्याआधी आत हात घालून बघायचं. आपल्याकडे विंचवासाठी बूट झटकायची सवय होतीच, तीच सवय खड्यासाठी आणि खिळ्यासाठी. नवं पादत्राण संध्याकाळी घ्यायचं, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. देवळात जायचं असेल तर सकाळी लवकर जावं किंवा मोजे घालावेत. देवाला त्याचं काही वाटणार नाही, याची मी हमी घेतो.

आणि तीन गोष्टींसाठी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे. कुठलीही जखम किंवा फोड, दुखत नसला तरी. काळी पडलेली जागा. आणि एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम, लाल, सुजलेला. यातल्या शेवटच्या प्रकारात कधी कधी आतली हाडं ढासळत असतात आणि माणूस त्यावर चालत राहतो, म्हणून आधी चालणं थांबवायचं. वर्षातून एकदा तो दहा ग्रॅमचा धागा आपल्या पायाला टेकलाय ना, हे डॉक्टरांना विचारायचं. त्यांनी सांगितलं नाही तर आपणच चप्पल काढून बसायचं.

श्रोत्यांकडून एक प्रश्न

पुढच्या रांगेतून एका आजोबांनी विचारलं : "रात्री पाय दुखतात, आग होते. गरम पाण्याची पिशवी घेतली तर बरं वाटतं. घ्यावी का?"

आजोबा, मधुमेह असेल आणि पाय बधिर असतील तर नको. पिशवी किती गरम आहे हे तुमचा पाय तुम्हाला खरं सांगत नाही. आग होणं आणि बधिर असणं एकाच पायात एकत्र असू शकतं, चरकानं दोन्ही एका दमात सांगितली आहेत ती उगाच नाहीत. मोजे घाला, पांघरूण घ्या, आणि ती आग डॉक्टरांना सांगा, तिच्यावर औषधं आहेत. गरम पाण्यात पाय बुडवून बसणंही नको.

आणि आजोबा, एक विचारू? इथून घरी गेल्यावर तुमचे पाय कोण बघणार आहे? ... "सून," म्हणताय. छान. मग तिचे पाय तुम्ही बघा. ती दिवसभर स्वयंपाकघरात उभी असते.

एवढं बोलून थांबतो.